केकची कड, कलिंगडाची साल

घरी केक करताना वाया काय जातं, असं विचारलं तर अंड्यांची टरफलं आणि बटरपेपर दाखवले जातात. ते डोळ्यांना दिसतात म्हणून. मोठी नासाडी दिसत नाही, कारण ती एका वेळी डब्यात पडत नाही. भांड्याला चिकटलेलं अर्धी वाटी मिश्रण नळाखाली जातं. आयसिंगसाठी कापून काढलेला वरचा फुगवटा ताटलीत वाळतो आणि संध्याकाळी त्याला मुंग्या लागतात. फेटून उरलेलं क्रीम फ्रीजच्या मागच्या बाजूला पिवळं पडतं. ‘असू दे थोडा जास्त’ म्हणून केलेल्या केकचा शेवटचा पाव भाग चौथ्या दिवशी घंटागाडीत जातो. यातलं जवळजवळ सगळं ओव्हनचं बटण फिरवण्याआधीच, टिन निवडताना आणि सामान मोजताना ठरलेलं असतं.

आपल्या स्वयंपाकघराला उरलंसुरलं सांभाळायला कुणी शिकवायची गरज नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, उरलेल्या भाताला फोडणी बसते, लोणी कढवल्यावर तळाची बेरी साखर घालून मुलांच्या हातावर येते. ओव्हन घरात आला तो मात्र परक्या कृती घेऊन आला, आणि त्या कृतींपुढे आपण आपला हा हिशेब का कोण जाणे बाजूला ठेवला. तो परत ओट्यावर आणता येतो. त्यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही, फक्त एक वजनकाटा लागतो.

आधी टिन. बऱ्याच कृती ८ इंची गोल टिनाच्या असतात. सांगली-मिरजेत घरोघरी दिसणाऱ्या १६ ते १९ लिटरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) ८ इंची टिन कसंबसं शिरतं, पण भोवती हवा फिरायला जागा उरत नाही आणि कड करपते. म्हणून हातात ६ इंची टिन घेतलं जातं, मिश्रण मात्र ८ इंचाचं होतं. मग टिन काठोकाठ भरतं, मिश्रण ओघळून खालच्या कॉइलवर जळतं आणि मध्यभाग कच्चा राहतो. गणित साधं आहे. गोल टिनाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं, म्हणजे ८ला ६४, ७ला ४९ आणि ६ला ३६. ८ इंची कृती ७ इंचात करायची तर सामान पाऊण पटीपेक्षा किंचित जास्त आणि ६ इंचात करायची तर निम्म्याहून थोडं जास्त. चार अंड्यांची कृती ६ इंचासाठी सरळ दोन अंड्यांवर आणावी, केक थोडा बुटका होईल एवढंच. चौकोनी टिन त्याच मापाच्या गोल टिनापेक्षा सव्वापट मोठं असतं, त्यामुळे ६ इंची चौकोनी आणि ७ इंची गोल जवळपास सारखंच धरायला हरकत नाही. टिनाचं माप माहीत नसेल तर त्यात पाणी भरून मोजावं. जेवढे मिली पाणी मावेल त्याच्या अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत मिश्रण, त्याहून वर नाही.

दुसरा हिशेब वजनाचा. एक कप मैदा चमच्याने हलका भरला तर १२० ते १२५ ग्रॅम होतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमच्या आसपास जातो. दोन कपांच्या कृतीत हा फरक ५० ग्रॅमपर्यंत पोचतो आणि केक कोरडा, भरड होतो. कोरडा केक कुणी टाकून देत नाही, पण कुणी दुसऱ्यांदा मागतही नाही. तो तसाच शिळा होतो. वजनकाट्यावर भांडं ठेवायचं, आकडा शून्यावर आणायचा आणि एकेक जिन्नस त्यातच मोजत जायचं. धुवायच्या वाट्या-चमचेही वाचतात. कृती निम्मी करताना दीड अंडं आलं तर घाबरू नये. टरफलाशिवाय अंडं साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतं. दुसरं अंडं फेटून त्यातलं २४ ग्रॅम घ्यावं आणि उरलेलं संध्याकाळच्या भुर्जीत जाऊ द्यावं.

डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क अर्धंच लागलं तर उरलेलं पत्र्याच्या डब्यात ठेवू नये, काचेच्या कोरड्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवावं आणि आठवड्याभरात वापरावं. डब्याच्या भिंतींना दोन चमचे तरी चिकटलेलं असतं. कृतीत दूध आहेच, त्यातलं थोडं कोमट करून डब्यात ओतून फिरवलं की ते सुटून येतं. मिश्रणाच्या भांड्यालाही हाच न्याय लावावा. सिलिकॉनचा लवचिक चमचा कडेने एकदा फिरवला तर ३०-४० ग्रॅम मिश्रण सहज निघतं, म्हणजे एक कपकेक. टिनाला लावायला बटरचे रिकामे कागद फ्रीजरमध्ये जपून ठेवावेत. एका कागदावर उरलेलं बटर ६ इंची टिनाला पुरतं आणि ब्रश धुवावा लागत नाही.

आता फुगवट्याबद्दल थोडं सविस्तर, कारण क्रीमचा केक करणाऱ्यांकडे सगळ्यात जास्त तोच वाया जातो. टिनाचा पत्रा आधी तापतो, त्यामुळे कडेचं मिश्रण लवकर घट्ट होऊन थांबतं. मधलं मिश्रण अजून पातळ असतं. ते वर चढत राहतं, साय धरल्यासारखा वरचा थर वाळतो आणि मग तो फोडून मध्यभाग डोंगरासारखा वर येतो. थर सपाट हवेत म्हणून हा डोंगर कापला जातो. तो येऊच नये यासाठी जुन्या सुती पंचाची किंवा टॉवेलची पट्टी घ्यावी. टिनाच्या उंचीइतकी रुंद आणि टिनाला वेढा घालून चार बोटं उरेल इतकी लांब. दोन-तीन पदर घालून ती पाण्यात बुडवावी, थेंब टपकणार नाही इतपत पिळावी आणि टिनाभोवती गुंडाळून लोखंडी सेफ्टी पिन लावावी. कापडात पाणी आहे तोवर पत्रा १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, कड उशिरा घट्ट होते आणि केक एकसारखा चढतो. ओव्हन १८० ऐवजी १६० ते १६५ अंशांवर ठेवावा, वेळ दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतो. कापड पॉलिएस्टरमिश्रित नको, ते वितळतं. आणि लहान ओटीजीत पट्टीचं टोक कॉइलपासून दोन बोटं तरी लांब हवं. पट्टी अर्ध्या वेळातच खडखडीत वाळत असेल तर पदर कमी पडले असं समजावं.

एवढं करूनही थोडा फुगवटा आला तर लगेच सुरी हातात घेऊ नये. पूर्ण गार झालेला केक उलटा ठेवला की तळाची सपाट बाजू वर येते, आणि हलका फुगवटा केकच्या वजनानेच बसतो. तरी कापावंच लागलं, तर निघालेला तुकडा हातानं चुरावा, ताटात पसरावा आणि ओव्हन बंद केल्यावरच्या उष्णतेत वाळवावा. कोरडा चुरा हवाबंद बरणीत दोन-तीन आठवडे टिकतो. पुढच्या बिस्किटांत मैद्याच्या दहाव्या भागाइतका हा चुरा खपतो, चीजकेकच्या तळाला बिस्किटांऐवजी चालतो. ओला चुरा असेल तर २०० ग्रॅम चुऱ्यात ६० ग्रॅमच्या आसपास उरलेलं गनाश (क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट) घालून लाडू वळावेत. गनाश एकदम ओतू नये. जास्त झालं तर मिश्रण हाताला चिकटतं, मग त्यात कोको घालत बसावं लागतं आणि चव कडवट होते.

बिस्किटांच्या बाबतीत शंकरपाळी करणारी बाई जे करते तेच खरं शास्त्र आहे. ती पोळी लाटते आणि कातणीने तिरके काप मारते. काठाचे चार तुकडे सोडले तर काही उरतच नाही. गोल साच्याने ओळीने बिस्किटं कापली तर दर वेळी पाचव्या भागाहून थोडा जास्त गोळा मधल्या जागांत उरतो. तो पुन्हा मळून लाटला की पिठाला चिवटपणा येतो, लाटताना लागलेला मैदाही आत जातो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची बिस्किटं कडक निघतात. म्हणून चौकोन किंवा शंकरपाळ्याचाच आकार घ्यावा. नाहीतर पिठाचा लांबट गोळा करून कागदात गुंडाळून तासभर फ्रीजमध्ये ठेवावा आणि चकत्या कापाव्यात. लाटायला कोरडा मैदा न घेता दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटलं तर ओट्यावर सांडणारा मूठभर मैदाही वाचतो.

उन्हाळ्यात कृष्णाकाठी कलिंगडांचे ढीग लागतात आणि त्या सालींनी ओल्या कचऱ्याची बादली भरून जाते. टुटीफ्रुटी बाजारात मिळते ती बहुधा कच्च्या पपईची असते, पण कलिंगडाच्या सालीतला पांढरा भाग त्यासाठी तितकाच उत्तम. वरचा हिरवा पापुद्रा सोलाण्याने पूर्ण काढावा, आतला लाल गर खरवडावा आणि पांढऱ्या भागाचे पाव इंची चौकोनी तुकडे करावेत. २५० ग्रॅम तुकडे उकळत्या पाण्यात आठ-दहा मिनिटं, कडेने पारदर्शक दिसेपर्यंत शिजवावेत आणि निथळावेत. ही पायरी टाळली की हमखास बिघडतं. कच्चा तुकडा थेट पाकात टाकला तर साखर त्यातलं पाणी ओढून घेते, स्वतः आत शिरत नाही, आणि तुकडा आक्रसून चामड्यासारखा चिवट होतो. शिजलेल्या तुकड्यांत २५० ग्रॅम साखर आणि अर्धा कप पाणी घालून मंद आचेवर एकतारी पाक होईपर्यंत ठेवावं. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस घालावा, म्हणजे पाक साखरणार नाही.

रंगासाठी वाट्या वेगळ्या कराव्यात. पिवळ्यासाठी आपली हळदच पुरे, सुरीच्या टोकावर मावेल इतकी, पाकात एक उकळी आणून. लाल हवा असेल तर बिटाचा रस. दोन्हींच्या मर्यादा मात्र माहीत असाव्यात. हळद खाण्याच्या सोड्याला भेटली की तांबूस होते, त्यामुळे सोडा जास्त असलेल्या केकमध्ये पिवळ्या तुकड्यांभोवती विटकरी डाग पडतात. बेकिंग पावडरच्या केकमध्ये हा त्रास कमी. बिटाचा लाल रंग भट्टीत मावळतो, तपकिरीकडे झुकतो. तुकडे रंगीत पाकात एक दिवस मुरू द्यावेत, चाळणीवर निथळावेत आणि जाळीच्या झाकणाखाली सावलीत एक-दोन दिवस वाळवावेत. सांगलीच्या एप्रिलमध्ये एक दिवसही पुरतो. काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये हे तुकडे दोन महिने चांगले राहतात. निथळलेला पाक स्पंजवर शिंपडायला कामी येतो. त्यासाठी वेगळं साखरेचं पाणी करणं म्हणजे हातचं सोडणंच.

टुटीफ्रुटीचा विषय निघाला की बेदाण्याचा येणारच. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, इथे आणि तासगावला त्याचे सौदे होतात, आणि एक किलो बेदाण्यामागे साधारण चार किलो द्राक्षं गेलेली असतात. त्यामुळे तो केकच्या तळाशी बसून करपणं जिवाला लागतं. बेदाणा तळाला जातो तो मिश्रण पातळ असल्यामुळे. पिठात घोळवण्याचा सल्ला सगळे देतात. तो थोडा उपयोगी आहे, पण घोळवायला कृतीतलाच मोजलेला एक चमचा मैदा घ्यावा आणि मोठा दाणा दोन तुकडे करून टाकावा. हलका तुकडा सावकाश बसतो, तोवर मिश्रण घट्ट होतं. पिवळा, एकसारखा, देखणा बेदाणा खीर-शिऱ्यासाठी राखावा. केकसाठी लहान आणि काळपट बेदाणा स्वस्तात घ्यावा, भाजल्यावर रंग कुणाला दिसत नाही. आधी कोमट पाण्यात पटकन धुऊन ते पाणी टाकावं, पिवळ्या मालाला गंधकाची धुरी दिलेली असते. मग दुसऱ्या पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात भिजवावा आणि ते गोड पाणी मात्र मिश्रणातल्या दुधाच्या हिशेबात धरावं. पिळण्याआधी संत्र्याची आणि लिंबाची साल किसून घ्यायचं विसरू नये. पिळलेल्या फोडीवर किसणी चालवणं फार कटकटीचं.

पाव घरी भाजणाऱ्यांना एक पांढरं पाणी फुकट मिळतं. एक लिटर दुधाचं पनीर केलं की पाऊण लिटरच्या आसपास निवळ पाणी उरतं. पाडव्याला श्रीखंडासाठी दही टांगलं की चक्क्याखालच्या पातेल्यातही तेच. ५०० ग्रॅम मैद्याच्या पावाला सुमारे ३०० मिली पाणी लागतं, ते सगळं या निवळीचं चालतं. त्यातली दुधाची साखर यीस्टला खाता येत नाही. ती पिठात शिल्लक राहते आणि पावाला छान रंग देते. म्हणूनच वरची बाजू लवकर काळी पडायला लागते. ओव्हन दहा अंश कमी ठेवावा किंवा शेवटच्या दहा मिनिटांत वर फॉइल टाकावी. व्हिनेगर किंवा जास्त लिंबू घालून फाडलेल्या दुधाचं पाणी बरंच आंबट असतं, यीस्ट मंदावतं. तिथे निम्मी निवळ, निम्मं साधं पाणी घ्यावं. लोणी काढल्यावरचं आंबट ताक बिनअंड्याच्या केकला जातं. एक कप ताकाला अर्धा चमचा सोडा पुरतो. त्याहून जास्त घातला तर आंबटपणा संपतो आणि उरलेला सोडा साबणासारखी चव देतो.

आणि बेरी. परदेशी कृतींत लोणी मुद्दाम तपकिरी करायला सांगतात, ते तळाशी बसणाऱ्या भाजक्या दुधाच्या कणांसाठी. तेच कण आपल्याकडे तूप कढवल्यावर कढईत असतात. २०० ग्रॅम मैद्याच्या नानकटाईत दोन मोठे चमचे बेरी बारीक करून घालावी आणि तूप एक चमचा कमी करावं, कारण बेरीत तूप असतंच. काळी झालेली बेरी मात्र घेऊ नये, सगळा घाणा कडू होतो. सोलकढीसाठी दूध काढून उरलेला नारळाचा चोथाही मंद ओव्हनमध्ये वाळवून बिस्किटांत घालता येतो. त्यातली स्निग्धता निघून गेलेली असते, म्हणून तिथे उलट तूप चमचाभर वाढवावं.

जुलैत हवा इतकी दमट असते की घरच्या पावाला दोन-तीन दिवसांत बुरशी येते. मग तो फ्रीजमध्ये जातो, आणि पावाच्या दृष्टीने ही सगळ्यात वाईट जागा. भाजताना मऊ झालेला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट बांधला जातो, पाव शिळा लागतो तो त्यामुळेच, आणि हे बांधलं जाणं शून्याच्या जरा वरच्या थंडीत सगळ्यात वेगाने होतं. फ्रीजरमध्ये ते जवळजवळ थांबतं. म्हणून पाव पूर्ण गार झाला की त्याच दिवशी कापावा, दोन दिवसांचा बाहेर ठेवून बाकीच्या चकत्या घट्ट पिशवीत फ्रीजरमध्ये टाकाव्यात. लागेल तशी चकती काढून थेट तव्यावर शेकावी. कोमट पाव पिशवीत भरला तर आत वाफेचं पाणी जमतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. शिळ्या पावावर पाणी शिंपडून १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवलं की तो पुन्हा मऊ होतो, पण एकदाच आणि लगेच खायचा. गार झाला की आधीपेक्षा कडक.

सावरडोचं, म्हणजे यीस्टऐवजी पाव फुगवणारं आंबवलेल्या पिठाचं विरजण पाळणाऱ्यांनी ते लहान पाळावं. ३०-४० ग्रॅम घरात असलं तरी भाकरीएवढ्या पावासाठी आदल्या रात्री वाढवता येतं. मोठी बरणी भरून ठेवली की रोज वाटीभर काढून टाकावं लागतं. तरी उरलंच तर त्यात तांदळाचं पीठ, जिरं, मिरची घालून घावन घालावेत.

विजेचाही विचार हवा. १४०० वॅटचा ओटीजी पंधरा मिनिटं तापवला की साधारण एक तृतीयांश युनिट गेलं, अजून आत काहीच गेलेलं नसतं. एका वेळच्या तापवण्यात आधी पाव, मग केक, मग बिस्किटं आणि शेवटी बंद ओव्हनमध्ये चुरा किंवा शेंगदाणे असा उतरता क्रम लावावा. केक अर्धा झालेला असताना वीज गेली, जे पावसाळ्यात होतंच, तर दार उघडू नये. तीन चतुर्थांश वेळ झालेला केक आतल्या उष्णतेवर बहुतेक वेळा पूर्ण होतो. नुकताच ठेवलेला असेल तर जाड बुडाच्या कढईत तळाला मीठ पसरून, जाळी ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं गॅसवर तापवावी आणि टिन अलगद तिच्यात हलवावं. ते मीठ बरणीत भरून पुन्हा पुन्हा वापरता येतं, स्वयंपाकात मात्र नाही. मध्येच खचलेला, आतून ओला केक कच्चा खाऊ नये. त्याचे बोटभर जाडीचे काप करून १५० अंशांवर दोन्ही बाजूंनी वीस-वीस मिनिटं भाजले की चहाबरोबर खायला खमंग टोस्ट होतात.

काही गोष्टी मात्र टाकायच्याच. पावाच्या एका कोपऱ्याला बुरशी दिसली तर तेवढा कोपरा कापून बाकीचा खाणं चुकीचं आहे. धागे मऊ पावात दिसतात त्यापेक्षा बरेच आत गेलेले असतात. क्रीमचा केक एप्रिलच्या दुपारी तासाभराहून जास्त ओट्यावर राहिला तर हळहळ वाटली तरी टाकावा, कुंडीतल्या खतातही घालू नये, वास आणि मुंग्या येतात. खतात टरफलं वाळवून चुरून, फळांच्या साली आणि चहाचा चोथा एवढंच. जुने अक्रोड आणि शेंगदाणे वापरण्याआधी दोन दाणे बोटांनी चुरून वास घ्यावा. तेलकट रंगाच्या डब्यासारखा वास आला तर ते ५० ग्रॅम तिथेच बाजूला काढावेत, कारण भाजल्यावर तो खवटपणा कमी होत नाही आणि त्यांच्याबरोबर अंडी, लोणी, साखर, मैदा असं सगळंच टाकावं लागतं.